आधी जड ते

आमच्या थोरल्या मामेसासऱ्यांनी डोंगराला कधी डोंगर म्हटल्याचं मला आठवत नाही. ते त्याला 'शिल्लक' म्हणतात. आपण हरिश्चंद्रगडाच्या रांगेकडे बोट दाखवून "काय सुंदर दिसतंय" म्हणावं, तर मामा चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून म्हणणार, "हो, बरीच शिल्लक आहे अजून." त्यांच्या मते या जगात पोचलेलं असं काहीच नाही. सगळं डोंगरावरून सुटून समुद्राकडे निघालेलं आहे, आणि आपण ज्याला शेत, गाव, तालुका म्हणतो तो वाटेत मुक्कामाला थांबलेला गाळ आहे. असं मनापासून मानणारा माणूस खरं तर वैरागी व्हायला हवा. मामा वैरागी नाहीत. मुक्कामाला थांबलेल्या त्या गाळावर त्यांचा इतका जीव आहे, की मामी म्हणतात, "माझ्यावर दोन बोटं माती बसली असती तर यांनी माझ्याकडेही बघितलं असतं."

नगरच्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत ते भूशास्त्र शिकवत होते. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण मामांच्या तोंडातलं 'नगर' काही जात नाही. कुणी टोकलं तर म्हणतात, "वर नवा थर बसला, चांगलं झालं. खालचा कुठं जातोय?"

त्यांची माझी पहिली गाठ पडली माझ्या लग्नाच्या बोलणीत. मुलीचे मामा म्हणून ते पाहुण्यांबरोबर आमच्या घरी आले होते. बाकीची मंडळी माझी नोकरी, घर, भावंडं वगैरे रीतसर विचारत होती. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्या वडिलांना विचारलं, "तुमची विहीर किती परस खोल? मुरूम कुठं लागला? मधे चुनखडी लागली का?" वडिलांना वाटलं, लेकीला पाणी शेंदावं लागेल की काय याची चौकशी चालली आहे. ते घाईघाईनं म्हणाले, "घरात नळ आहे की." मामा खिन्न होऊन म्हणाले, "नळात थर दिसत नाहीत हो." मग ते उठले, परसदारी गेले आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी विहिरीच्या काठावर पालथे पडून बराच वेळ आत बघत राहिले. माझी आई दारातून हे बघत होती, आणि या घरात सोयरीक करावी की नाही याचा तिनं त्या वेळी पुन्हा विचार केला असं ती अजून सांगते. मामा धूळ न झटकता परत आले आणि बहिणीला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. खाली मोठमोठे पूर येऊन गेलेत, तरी विहिरीची एकही बाजू ढासळलेली नाही." या प्रमाणपत्रावर माझं लग्न झालं.

त्यांच्याबरोबर प्रवास करायचा तर दोन भाकरी जास्त घ्याव्यात. रस्ता रुंद करायला डोंगर कापला की तुम्हाआम्हाला रस्ता दिसतो, मामांना कापलेली बाजू दिसते. धाकट्या मेव्हणीच्या लग्नाला वऱ्हाडाची गाडी निघाली होती. टाकळी ढोकेश्वराच्या पुढे मामांनी एकदम ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. काही अडचण असेल अशा समजुतीनं गाडी थांबली, बायका दुसरीकडे तोंड करून बसल्या. मामा रस्त्याकडेच्या ताज्या कटापाशी जाऊन उभे. पाच मिनिटांनी नवरदेवाकडचे फोन सुरू झाले, दहा मिनिटांनी मामी खाली उतरल्या आणि पंधरा मिनिटांनी अर्धं वऱ्हाड त्या कटापुढे उभं राहून लाल माती आणि काळ्या दगडाचा संबंध ऐकत होतं. गुरुजींनी मुहूर्ताची आठवण केली तेव्हा मामा म्हणाले, "मुहूर्त परत लागतो गुरुजी. याला पुढच्या आठवड्यात दगडी पिचिंग करून झाकणार आहेत." लग्न लागलं, उशिरा लागलं, आणि मेव्हणीचा संसार उत्तम चालला आहे, त्यामुळे मामांना या प्रकरणात आपलं काही चुकलं असं आजतागायत वाटत नाही.

शिकवण्याची त्यांची सगळी साधनं ताटात असतात. पंगतीत त्यांच्या शेजारी बसलो की ते आधी भाताचे दोन लांबट ढीग करतात. हा इकडचा बालाघाट, ही तिकडची कळसूबाईची रांग, आणि मधली मोकळी जागा म्हणजे आपण. या मोकळ्या जागेला ते 'बशी' म्हणतात. पश्चिमेचे ढग घाटमाथ्यावर सगळं ओतून मोकळे होतात आणि बशीत येतात ते हात हलवत. पण एखाद्या वर्षी, एखाद्या दुपारी, असा कोसळतो की डोंगर सोलून निघतो. इथं मामा वाटी उचलतात आणि भाताच्या माथ्यावरून आमटी सोडतात. "बघा. घळीत आहे तोवर पाणी धावतं, धोंडेसुद्धा नेतं. मोकळ्यावर आलं की पसरतं. पसरलं की थकतं. आणि पाणी थकलं की आधी जड ते टाकतं." शेवग्याच्या शेंगा खरोखरच भाताच्या पायथ्याशी थांबलेल्या असतात, डाळ थोडी पुढे गेलेली असते आणि पिवळं पाणी ताटाच्या कडेपर्यंत. "आधी धोंडे, मग गोटे, मग वाळू, सगळ्यांत शेवटी माती. अशा बशा भरत येतात. मग ऊन त्या मातीतला ओलावा वर ओढून घेतं, पाण्यातला चुना मागे राहतो आणि त्याचे खडे होतात. तुमच्या विहिरीत होते ते." हे सगळं ऐकून होईपर्यंत भात गार झालेला असतो. एकदा कुणाच्या तरी तेराव्याच्या पंगतीत त्यांनी हे केलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, पिंडाचाच काही राहिलेला विधी असेल. त्यानं हात जोडले. तेव्हापासून मामी बाहेर जेवायला गेलं की यजमानीणबाईला आधीच सांगून ठेवतात, "यांना आमटी शेवटी वाढा."

धुळीबद्दलही त्यांचं धोरण ठरलेलं आहे. त्यांच्या खोलीतल्या कपाटावरची धूळ पुसायची नाही. बोटानं एक रेघ ओढून ते दाखवतात, हा उन्हाळ्यातल्या वावटळीचा थर, हा शेजारच्यांनी घर पाडलं तेव्हाचा. दिवाळीची साफसफाई आली की ते घर सोडून जातात, आणि परत आल्यावर एखादा वडीलधारा माणूस गेल्यासारखे गप्प बसतात. मामींनी त्या कपाटापुरती माघार घेतली आहे. निवृत्तीनंतर मुलांनी दोघांना हौसेनं लडाखला पाठवलं. तिथं दोन रांगांच्या मधे अशी खोरी आहेत, की तिथलं पाणी समुद्र बघतच नाही, तिथंच येतं, तिथंच वाळतं, मागे मीठ ठेवतं. मामांनी हे आयुष्यभर मुलांना फळ्यावर शिकवलं होतं. सगळी सहल निळ्या तळ्याकडे तोंड करून फोटो काढत होती, मामा तळ्याकडे पाठ करून डोंगराच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला गोटा-मुरूम बघत उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामी सांगतात, "थंडीनं असेल म्हणून मी कानटोपी घातली, तर म्हणाले, अगं, हे सगळं इथंच राहतं, कुठंही जात नाही."

पण मामांचं खरं लडाख गावाकडे होतं. त्यांचं गाव पारनेर तालुक्यात, मुळा नदीकडे उतरणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. दोन बुटक्या टेकड्यांच्या मधे त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे आणि ओढ्यानं त्या जमिनीची एक बाजू उभी कापून काढलेली आहे. दोन पुरुष उंचीचा तो मातीचा कडा. तळाशी गोटे, त्यावर वाळू, त्यावर चुनखडीचे खडे असलेली पिवळी माती, मग हातभर जाडीचा एक पांढुरका राखाडी पट्टा आणि वर शेताची काळी माती. गावाच्या दृष्टीनं ती शेळ्या उतरवायची अवघड जागा होती. मामांच्या दृष्टीनं तो राखाडी पट्टा म्हणजे समुद्रापलीकडच्या कुठल्याशा ज्वालामुखीची राख होती. मनुष्यप्राणी दगडाची हत्यारं घेऊन हिंडत होता तेव्हा ती वाऱ्याबरोबर इकडे येऊन पडलेली. आपल्याकडच्या एकदोन नद्यांच्या काठी अशी राख सापडलेली आहेच. मामांनी चिमूटभर घेऊन भिंगाखाली धरली होती आणि तिच्यात काचेचे बारीक कण चमकताना बघितले होते. दर वर्षी ते कॉलेजची मुलं तिथं न्यायचे, मुलं पट्ट्याला बोट लावून बघायची, आणि मामी सगळ्यांना पिठलं-भाकरी करून घालायच्या. मी एकदा विचारलं, "मामा, हे कुठं तपासून घेतलं का नाही?" ते हसून म्हणाले, "लग्न झालेल्या बायकोची पत्रिका कोण बघत बसतं?"

कुणालाही न दुखवता हे असंच चाललं असतं. पण गावची शेती बघतात ते धाकटे मामा, म्हणजे मामांचे भाऊ. ते मामांपेक्षा बारा-चौदा वर्षांनी लहान. मामा चौथीनंतर नगरला बोर्डिंगात गेले आणि त्यानंतर हे जन्मले. साठी उलटलेल्या, करड्या मिशांच्या या माणसाला मामा अजून 'बाळू' म्हणतात. बाळूमामांचा मुलगा पुण्यातली नोकरी सोडून परत आला होता आणि त्याला डाळिंबाची बाग लावायची होती. त्यासाठी ओढ्याकडची सगळी जागा सपाट करायला हवी होती, कड्यासकट. पोरगा परत आलाय, तो टिकला पाहिजे, एवढी एकच गोष्ट बाळूमामांना दिसत होती आणि ती चुकीची नव्हती. सातबारा दोघांच्या नावाचा. मामा होही म्हणेनात, नाहीही म्हणेनात. शेवटी बाळूमामाच म्हणाले, "दादा, आपून एक करू. तुमचा पुन्याचा साहेब बोलवा. त्यानं म्हणलं ह्ये लई जुनं हाय, तर मी हात लावत न्हाई. पोराला दुसरीकडं बाग लावाया सांगतो. न्हाई म्हणला, तर पाडव्यानंतर मशीन येनार."

मामांनी ते लगेच कबूल केलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात याच विषयाचा प्राध्यापक झालेला होता. त्याला फोन गेला, तारीख ठरली, आणि मामा मुंज असलेल्या घरच्या यजमानासारखे हिंडू लागले.

प्राध्यापक यायच्या आदल्या दिवशी मामांना गाडीनं गावी न्यायचं काम माझ्याकडे आलं. सामानात रंगाऱ्याचे दोन ब्रश, खुरपं, बादली आणि मामींचा झाडांना पाणी मारायचा फवारा होता. कडा स्वच्छ दिसला पाहिजे, असं मामांचं म्हणणं. दिवाळीला घर सोडून पळणारा हा माणूस त्या दिवशी शिडीवर चढून मातीच्या भिंतीची साफसफाई करत होता. मी शिडी धरून उभा होतो. मामा राखेच्या पट्ट्यावरून हलक्या हातानं ब्रश फिरवत होते, मधेच मला सांगत होते, "इथं पाटी लावता येईल. शाळेची मुलं येतील." पट्ट्याची खालची कड ते खुरप्याच्या टोकानं मोकळी करत होते, तेव्हा तिथून एक तपकिरी, वाकडा तुकडा सुटला आणि माझ्या पायाशी पडला. मी तो उचलून वर दिला. मामांनी सवयीनं त्याला भिंग लावलं. मग भिंग खिशात ठेवलं, कारण भिंगाची गरजच नव्हती. बैलाच्या खुराला मारतात ती लोखंडी पत्री होती, एका भोकात अजून खिळा असलेली.

मामा शिडीवरून हळूहळू उतरले. "जावईबापू," ते म्हणाले, "अश्मयुगातला माणूस फार हुशार होता. पण तो बैलाला पत्री मारत नव्हता."

मी म्हटलं, "वरून पडली असेल मामा. एखाद्या उंदराच्या बिळातून."

"बीळ नाही. मीच आता साफ केलंय ना."

"मग उद्याचा दिवस खिशात राहू द्या. एवढासा तर तुकडा आहे."

ते माझ्यावर रागावले नाहीत. पत्री तळहातावर घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "माती बिचारी कधी खोटं बोलली नाही हो माझ्याशी. चुकीचं ऐकलं ते मी. आता तिच्या नावावर कसं खपवू?" आयुष्यभर दाखवलेली, सांगितलेली, पोरांच्या पाठीवर थाप मारून शिकवलेली गोष्ट अशी हातभर मातीतून निखळून पडावी याचं मला फार वाईट वाटलं. मामा बादली पालथी घालून तिच्यावर बसले. मी बाळूमामांना हाक मारली.

बाळूमामांनी पत्री हातात घेतली आणि फिरवून बघितली. काष्टीच्या बाजारातून बैल आणून त्यांना पत्र्या मारून घेण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. "ह्यो जुना घाट हाय," ते म्हणाले. "आता अशी करीत न्हाईत." मग ते पट्ट्यापाशी गेले, राख बोटांवर चोळली आणि वास घेतला. "दादा, आपल्या आप्पांचं गुऱ्हाळ हुतं म्हनं इथं."

"कुणी सांगितलं?"

"आई म्हनायची. तुमी रांगत हुता तवा. हिरीला पानी हुतं, वाईच ऊस हुता. चरकाला बैल. चुलाणातली राख घळीत वतायचे. मंग हिरीचं पानी ग्येलं, गुऱ्हाळ मोडलं, आन् आप्पांनी घळीला ताल घातली."

आमच्याकडे घळीच्या किंवा ओढ्याच्या तोंडाशी दगडामातीचा आडवा बांध घालतात, तिला ताल म्हणतात. दर पावसाळ्यात डोंगरावरून येणारी माती तिच्यामागे अडते, साठते, आणि काही वर्षांनी जिथं घळ होती तिथं शेत होतं. हे बाळूमामांना ठाऊक होतं, मामांना तर होतंच. पण आप्पांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, ताल खालच्या अंगाला दिसते तीच, असं दोघं धरून चालले होते. मामांना कळायला लागलं तेव्हा इथं शेतच होतं, आणि जे शेत आपल्या आधीपासून आहे ते डोंगरांनीच केलेलं असणार असं भूशास्त्राच्या माणसाला वाटलं, तर त्याला काय म्हणायचं.

मामा बादलीवरून उठले. "टिकाव आण," ते म्हणाले. मग एक सत्तरीच्या पुढचे आणि एक साठीच्या पुढचे, असे दोघं भाऊ कड्याच्या उजव्या बगलेला खणू लागले. मला त्यांनी हात लावू दिला नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा मातीच्या आत दगड दिसले, एकावर एक, नीट बसवलेले. मामांनी त्यांच्यावरून ब्रश फिरवला. "सांधा मोडून, एकाच्या सांध्यावर दुसरा दगड ठेवून रचलेत," ते म्हणाले. "नदी असं करत नाही." आणि नंतर ते जे बोलले ते त्यांच्या कॉलेजच्या मराठीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदा ऐकली. "बाळू, म्हंजी राखंच्या वरची ही समदी माती आप्पांनी अडवली रं. डोंगराला जे कराया लई काळ लागतो, ते त्यांनी डोक्यावरनं दगुड वाहून केलं. आन् मी जल्मभर पोरास्नी इथं उभं करून ज्वालामुखी सांगत बसलो. त्यांचं नाव येकदा सुदिक घेतलं न्हाई."

बाळूमामा म्हणाले, "तुमाला काय म्हाईत दादा. चला, च्या घेऊ."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक आले. मामांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, गाडीतून उतरताक्षणी पत्री हातात दिली. "आधी हे बघा, मग कडा बघा." प्राध्यापक भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, राख भिंगाखाली धरली आणि म्हणाला, "सर, चिपाडाची राख चुलाणात तापून वितळली की अशीच काच होते. कुणीही फसलं असतं. मी तर विद्यार्थी असताना फसलोच होतो." मामा हसले. राखेखालची पिवळी माती, वाळू, गोटे खरोखर जुने होते, फार जुने. पण तसे थर या भागात प्रत्येक ओढ्याच्या काठी आहेत. तेवढ्यासाठी हाच कडा राखा असं आपण सांगू शकत नाही, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. मामा भावाकडे वळले. "बाळू, पाडव्यानंतर मशीन बोलव. ठरलंय तसं."  बाळूमामा भाकरी झाल्या का बघायला घरात गेले.

पाडवा झाला. मामा गावाचा विषय काढेनात. एका सकाळी मामींचा आमच्याकडे फोन आला.  "तुम्ही दोघं येऊन जा. यांनी आज कपाटावरची धूळ पुसली." आम्ही गेलो. कपाट लख्ख होतं आणि मामा त्याच्यासमोर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. माझ्या बायकोनं मग कुणाचं काही ऐकलं नाही. मामांना गाडीत बसवलं आणि मला म्हणाली, "गावाकडे घ्या. जे झालंय ते एकदा बघून येऊ देत." वाटेत दोन मोठे कट लागले. मामांनी गाडी थांबवायला सांगितली नाही.

शेत सपाट झालं होतं. टेकडीपासून ओढ्यापर्यंत मऊ तांबूस-काळी माती, तिच्यात खड्ड्यांच्या रांगा, ठिबकच्या नळ्या. त्या रांगा ओढ्याकडे सरळ येत होत्या आणि एका जागी वळत होत्या. तिथं कडा होता. बैलगाडी मावेल एवढा तुकडा वर तसाच ठेवलेला, खाली पांढुरका पट्टा, बगलेला आप्पांचे दगड. मशीनच्या चाकांचे माग त्याला वळसा घालून गेलेले स्पष्ट दिसत होते.

मामा तिथंच उभे राहिले. बाळूमामा टोपी झटकत आले. मामांनी विचारलं, "हे राहिलं का रे?"

"डायवरला वळवाया आलं न्हाई," बाळूमामा म्हणाले. "नवा हुता."

त्यांचा मुलगा मागे उभा होता. तो खड्ड्यांच्या रांगेकडे बघत राहिला. थोडी झाडं कमी बसली होती एवढंच. ज्वालामुखीसाठी बाळूमामांनी एक झाडही कमी केलं नसतं, हे मला माहीत होतं.

यावर सगळं छान मिटलं असं म्हणता आलं असतं, पण पुढच्या पावसाळ्यात दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. बाळूमामांनी शेततळ्याचा उरलेला प्लॅस्टिकचा काळा कागद आणून कड्यावर पांघरला आणि वर धोंडे ठेवले. मामा तो कागद बघून संतापले. कडा म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे का, पाणी येणार, माती जाणार, पुढच्या बशीत बसणार, हे असंच चालतं, पाण्याला त्याचं काम करू दे, असं बरंच काही ते ओढ्याकाठी उभं राहून बोलले. बाळूमामांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुमच्या पान्याला सांगा तिकडनं जा. ह्ये आप्पांचं हाय."  परत येताना गाडीत मामा म्हणाले, "अडाणी आहे नुसता," आणि चष्मा काढून पुसत बसले.

आता मामांचे गुडघे साथ देत नाहीत. गेल्या वर्षापासून त्यांनी वाटप सुरू केलं आहे. पहिल्यांदा त्यांचा हातोडा आमच्याकडे आला. "जड आहे, तुम्ही ठेवा," म्हणाले. मग दगडांच्या पेट्या कॉलेजला गेल्या, पुस्तकं पुण्याच्या प्राध्यापकाकडे, बूट बाळूमामांच्या मुलाकडे. पंगतीत अजून भाताच्या दोन रांगा करतात, पण आमटी थोडीच सोडतात, आणि गोष्ट संपायच्या आत जेवून घेतात. मला हे सगळं कळतं. त्यांनीच शिकवलेलं आहे.

फक्त एक गोष्ट त्या नियमात बसत नाही. त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा सदा खाली ओढलेला असतो. मामींनी तो कितीदा तरी शिवला, आत दुहेरी कापड लावलं, तरी उसवतो. परवा त्यांना दवाखान्यातून घरी आणताना मी गाडी चालवता चालवता म्हटलं, "मामा, नियमाप्रमाणे ही पत्री सगळ्यांत आधी टाकायला हवी होती. लोखंड आहे."

मामांनी खिशावर हात ठेवला.

"हो," ते म्हणाले. "टाकायला हवी होती." मग बाहेर बघून म्हणाले, "पुढे उजवीकडे नवीन कट झालाय बहुतेक. जरा हळू घ्या."